हळदीची धूळ आणि टेकाडावरची डिश

त्या उन्हाळ्यात माझा कम्प्युटर दुपार झाली की बंद पडायला लागला. आधी सूचना नाही, काही नाही. चालता चालता पडदा काळा. दहा-पंधरा मिनिटं थांबून बटण दाबलं की पुन्हा सुरू व्हायचा आणि थोडं काम झालं की पुन्हा काळा.

घरांचे नकाशे काढणं हे माझं काम. लग्नाआधी ते पुण्याच्या एका ऑफिसात बसून करायचे. लग्नानंतर डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या मागच्या खोलीत बसून त्याच ऑफिससाठी करते. गावात फायबरची तार आली म्हणून हे जमलं. नवरा कळमनुरीकडच्या शाळेत शिक्षक; सकाळी डबा घेऊन निघाला की संध्याकाळी येतो. दिवसभर घरात दोघंच, मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या.

मामंजी तेव्हा ओसरीवरच्या बाजेवरून फारसे उठत नव्हते. हिवाळ्यात विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि खुबा मोडला. नांदेडला ऑपरेशन झालं. चांगलं झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की खाली-वर जमिनीवर चालायचं नाही, शेताचं नाव घ्यायचं नाही. ज्या माणसानं जन्मभर रोज सकाळी विहिरीवर जाऊन मोटर चालू केली, त्याला बाजेवरून रस्ता बघत बसायचं आलं. तसेही ते कमीच बोलायचे, माझ्याशी तर जवळजवळ नाहीच. चहात साखर जास्त झाली तरी ते संध्याकाळी नवऱ्याला सांगायचे, "तिला म्हनाव, साखर कमी टाकत जा." मी तिथंच उभी असायचे.

रोज संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मोटर चालू झाली व्हती का? पानी कुठवर गेलं?" मोटर चालू करायचं काम शेजारच्या शेतकऱ्यानं अंगावर घेतलं होतं, तो आपलं आटोपून सवडीनं करायचा. नवरा दिवसभर शाळेत. त्याला काय ठाऊक? "झाली असंल," म्हणायचा. मामंजी तोंड फिरवून भिंतीकडे बघत पडायचे.

तर कम्प्युटर. मी आधी लाइटवर संशय घेतला, कारण आमच्याकडे काहीही बिघडलं की आधी लाइटवरच घेतात. बोर्ड बदलून बघितला, वायर बदलली. मग वाटलं, उकाडा. म्हणून ओसरीवरचा कूलर उचलून खोलीत नेला आणि थेट कम्प्युटरसमोर लावला. कागद ओलसर झाले, मला शिंका सुरू झाल्या, कम्प्युटर बंद पडायचा तो पडलाच. "जुना झाला असंल," नवरा म्हणाला. शेवटी मी पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. ऑफिसात कोणाचंही मशीन अडलं की आम्ही त्यालाच हाक मारायचो.

"आवाज कसा येतोय?" त्यानं विचारलं.

"पंखा घरघरतोय. गिरणी चालल्यासारखा."

"मग लाइटला कशाला शिव्या देतेस? टेम्परेचर बघ आधी."

त्यानं एक लहानसा प्रोग्राम टाकायला लावला. आतला भाग किती तापलाय ते त्यात आकड्यात दिसायचं. मी एका बंगल्याचं खऱ्यासारखं दिसणारं चित्र तयार करायला लावलं, कारण त्या कामात मशीनला सगळ्यात जास्त राबावं लागतं, आणि आकडा बघत बसले. सत्तर, ऐंशी, नव्वद, त्याच्याही पुढे, आणि पडदा काळा.

"बरोबर आहे," तो फोनवर म्हणाला. "जळू नये म्हणून ते स्वतःला बंद करून घेतंय. मशीन शहाणं आहे. उघड त्याला."

खोलीत उजेड कमी, म्हणून मी कम्प्युटरचा डबा ओसरीवर आणला, चटई टाकली आणि बाजूचं झाकण काढलं. आत पंख्याच्या खाली पातळ पातळ पट्ट्यांचा एक धातूचा ठोकळा असतो. आतली उष्णता त्या पट्ट्यांत येते आणि पंखा ती वाऱ्यानं बाहेर काढतो. मी पंखा सोडवला. पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यामध्ये पिवळ्या रंगाचा जाड थर, गोधडीच्या कापसासारखा दाबून बसलेला. बोटानं उकरला आणि वास आला. माझं माहेर वसमतचं, हळदीच्या पेठेतलं. तो वास मी झोपेतही ओळखला असता.

माझ्या खोलीच्या खिडकीसमोरच्या अंगणात त्या दिवसांत हळद पॉलिश व्हायची. शिजवून वाळवलेली हळद मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात. घासून घासून वरची साल निघते आणि आजूबाजूचं सगळं पिवळं होतं. पत्रे, दोरीवरचे कपडे, कुत्रीसुद्धा. ती धूळ खिडकीतून आत येत होती आणि जमिनीवर ठेवलेला माझा कम्प्युटर ती दिवसभर ओढून घेत होता.

बाजेवरून आवाज आला. "काय निघालं गं त्यातून?"

मी दचकलेच. प्रश्न मला होता, सरळ मला.

"हळद, मामंजी."

त्यांनी मान उंच करून बघितलं. माझी पिवळी बोटं बघितली, उघडा पडलेला डबा बघितला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते.

"म्हंजे लगीन ठरलं म्हना की याचं! हळद लागली!"

मीही हसायला लागले. दोघं इतके हसलो की अंगणातला ड्रमवाला मान काढून बघायला लागला. सायकलच्या पंपानं हवा मारायची कल्पना मामंजींची. हवा मारताना पंखा भरधाव फिरू द्यायचा नाही, धरून ठेवायचा, असं सहकाऱ्यानं सांगितलं होतं. तो पंखा मामंजींनी बाजेवर बसल्या बसल्या दोन बोटांत धरला आणि मी पंप मारला. ओसरीभर पिवळा धूर झाला.

एवढ्यानं भागलं असतं तर बरं होतं. ठोकळा आणि त्याखालची चिप यांच्यामध्ये एक मलम असतं, तेही सुकून खपली झालेलं निघालं. ते नांदेडहून आणवलं आणि नवं लावलं. मग मी फार हुशारी केली. धूळ आत जाऊच नये म्हणून हवा घ्यायच्या जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बांधला. दुपारी पडदा पुन्हा काळा. सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, नाक दाबून पळायला लावलंस की त्याला!" ओढणी सोडली. कम्प्युटर जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला, भिंतीपासून लांब सरकवला, आणि ओढणीऐवजी खिडकीलाच बारीक जाळी मारली. त्या दुपारी बंगल्याचं चित्र एकदाही न अडता पूर्ण झालं.

चित्र बघायला मामंजी वॉकर धरून माझ्या खोलीच्या दारात आले. त्या खोलीत त्यांनी आधी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. मी खुर्ची दिली. बंगला त्यांना फारसा आवडला नाही. पण बंगल्याची जागा कळावी म्हणून मी उपग्रहानं वरून काढलेला नकाशा उघडला होता, तो ते निरखून बघत राहिले.

"आपलं वावर दिसतं का यात?"

मी शोधून दिलं. गाव, ओढा, टेकाड, आणि टेकाडाच्या पलीकडे आमची जमीन. विहीर काळ्या टिकलीएवढी. त्यांनी पडद्याला बोट लावलं, बांधाबांधानं फिरवलं आणि मागं घेतलं.

"हे आताचं न्हाई. ते बांधावरचं बोरीचं झाड मी कवाच तोडलं." मग म्हणाले, "आन् मोटर चालू हाय का बंद, तेबी यात दिसत न्हाई."

त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात पुढचं सगळं सुरू झालं.

मोबाईलवरून मोटर चालू करायचं यंत्र आमच्याकडे कित्येकांकडे आहे. त्यात सिमकार्ड असतं. पण आमची विहीर ओढ्याच्या खोलगटात. तिथं फोन धरून उभं राहिलं तर रेंजची एक काडी येते आणि जाते. मी परत पुण्याला फोन लावला. सहकारी म्हणाला, मोबाईलचा नाद सोड. घरावर एक लहान डिश लाव, विहिरीवर दुसरी, तोंडं समोरासमोर. घराचं इंटरनेट हवेतून तिकडे जाईल. कॅमेरा चालेल, मोटरचं बटणही चालेल. अट एकच, दोन्ही डिश एकमेकींना दिसल्या पाहिजेत.

मी आमच्या छतावर चढून बघितलं. मध्ये टेकाड आडवं. टेकाडावर बंजाऱ्यांचा तांडा.

"मग तांड्यावर एक मधली डिश लावायची," मी मामंजींना सांगितलं. "इकडून घेईल, तिकडं देईल. तांड्याचे प्रमुख, त्या नाईकांच्या घराचं छत बरोबर माथ्यावर आहे."

मामंजी वॉकर घेऊन बाजेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

कारण मला संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं. तांड्याहून सडकेला येणारी गाडीवाट पूर्वी आमच्या शेताच्या कडेनं यायची. एका वर्षी तांड्यावरची जनावरं उगवत्या पिकात शिरली, भांडण झालं आणि मामंजींनी वाट काटेरी तार लावून बंद केली. तेव्हापासून तांड्याच्या लोकांना टेकाडाला वळसा घालून यावं लागतं. नाईक आणि मामंजी एकाच वयाचे, एकेकाळी बाजाराला एकाच गाडीत जाणारे. ते त्या दिवसानंतर एकमेकांशी बोलले नव्हते.

"सोडून दे तो नाद," नवरा म्हणाला. मामंजींना तो अप्पा म्हणतो. "अप्पा काही बोलणार नाहीत त्यांच्याशी."

मीही सोडलाच होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा दिला तेव्हा मामंजी म्हणाले, "फोन लाव त्याला. आवाज मोठा कर, मला कमी ऐकू येतं."

मी नंबर मिळवून लावला. पलीकडून "कोन?" आलं.

"मी बोलून राहिलो," मामंजी म्हणाले. नाव सांगितलं नाही.

पलीकडं बकरी ओरडली. मग नाईकांचा आवाज आला, "तबीयत कशी हाय पाटील? पडलाव म्हनून ऐकलं व्हतं."

"बरी हाय. एक काम व्हतं." मग मामंजींनी डिशचं सगळं सांगितलं, मी जसं सांगितलं होतं बरोबर तसंच, आपली डिश, मधली डिश, विहिरीची डिश.

"बसवा की," नाईक म्हणाले. "छत काय झिजतं व्हय? पन खांब, ब्याटरी, सामान घेऊन वर येनार कोन्या वाटंनं? वाट तर तुमीच बंद केली."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की नुसती चौकशी, ते मला आजही सांगता येणार नाही. मामंजींनी फोन कानापासून लांब धरला. मला वाटलं, आता बंद करतात. कपातला चहा त्यांनी संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी तार काढतो."

"मंग आमीबी येतो काढू लागाया," नाईक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मामंजींना आम्ही शेजाऱ्याच्या जीपमधून सडकेपर्यंत नेलं आणि खुर्ची टाकून बसवलं. नवरा आणि नाईक दोघं पक्कड घेऊन तार तोडत होते. गंजलेली तार कडाकड तुटत होती. मामंजी खुर्चीतून सूचना देत होते आणि नाईक त्या ऐकत नव्हते. शेवटचा खुंट निघाला तेव्हा नाईक येऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. दोघांनी तंबाखू मळली. त्या तंट्याबद्दल कुणीच एक शब्द काढला नाही. मी वाट बघत होते, कोणी तरी काही तरी म्हणेल म्हणून. ते पावसाच्या अंदाजावर बोलत बसले.

विहिरीवरची मोटरची जोडणी डोंगरकड्याच्या इलेक्ट्रिशियननं केली; त्या कामात मी हात घातला नाही. डिश मात्र आम्हीच बसवल्या. सगळ्यात अवघड काम त्यांची तोंडं जुळवण्याचं. मी घरी कम्प्युटरसमोर बसले, सिग्नलचा आकडा बघत. तांड्यावर छतावर नाईकांची बायको उभी, एका हातात डिश, दुसऱ्यात फोन. मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते.

"थोडं डावीकडं, मावशी."

"कुनाच्या डावीकडं? माझ्या का तुझ्या?"

"तुमच्या."

"माझं तोंड तर आता तिकडं हाय."

शेवटी आम्ही डावं-उजवं सोडून दिलं. "म्हशीकडं," मी म्हणायचे, "आता जरा पाण्याच्या टाकीकडं, बस, बस, आता वर, आभाळाकडं." आकडा एकदम उडी मारून वर गेला. मी ओरडले. मावशीही तिकडं ओरडल्या, कशासाठी ते न कळताच.

दुपार कलायच्या आत विहीर माझ्या पडद्यावर आली. विहिरीचा काठ, पाइप, हौद, आणि हौदाजवळ उभा राहून हात हलवणारा माझा नवरा. मामंजी माझ्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पुढे वाकून हौद आणि पाइप निरखून बघितला. मग म्हणाले, "त्याला बाजूला व्हय म्हन." मी फोनवर सांगितलं. मोटरजवळ कोणी नाही ना, हे विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम आम्ही आधीच ठरवला होता. नवरा लांब झाला. मामंजींनी माउसवर बोट ठेवलं आणि दाबलं.

काही झालं नाही. मग पाइप हलला, दोनदा हवा फुसफुसली असावी, आणि पाणी हौदात पडलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. मामंजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "हौदात शेवाळ लई झालंय. काहून धुतला न्हाई कोनी?"

चार-सहा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग दुपारी विहीर पडद्यावरून जायला लागली. सकाळी दिसायची, दुपारी जायची, ऊन कललं की परत. सहकाऱ्याला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या सिग्नलची आडकाठी असेल; त्यानं सेटिंग बदलायला लावल्या. डिश वाऱ्यानं फिरली असेल म्हणून नवरा वर जाऊन आला. डिश जागेवर होती. मी वैतागून बसले होते आणि अचानक वाटलं, दुपारीच का? दुपारी बंद पडणारं एक मशीन तर मी नुकतंच बरं केलं होतं.

मी मावशींना फोन केला. "छतावर डिशच्या खाली पत्र्याचा डबा आहे ना, त्याला हात लावून बघा."

"अगं माय!" मावशी ओरडल्या. "तव्यावानी तापलाय. भाकर भाजंल यावर."

डिशला वीज देणारं आणि सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र आम्ही पावसाच्या भीतीनं बंद पत्र्याच्या डब्यात घातलं होतं आणि तो डबा भर उन्हात ठेवला होता. मी मावशींना म्हटलं, पोतं ओलं करून, चांगलं पिळून, नुसत्या झाकणावर टाका, आत पाणी जाऊ देऊ नका. त्यांनी टाकलं. मी पडद्यासमोर बसून राहिले. जरा वेळानं त्यांचाच फोन आला, "डिशचा लाल दिवा गेला. हिरवा लागला बघ." माझ्या पडद्यावर विहीर आली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वर गेले, उघडलेल्या वाटेनं. डबा छतावरून काढून आम्ही उत्तरेच्या भिंतीवर, वळचणीच्या सावलीत बसवला. नाईकांनी त्याला खालून आणि वरून भोकं पाडली, खालून गार हवा शिरावी आणि वरून गरम निघावी म्हणून. मावशी म्हणाल्या, भोकं अशीच ठेवली तर आत गांधीलमाशी घर करील. म्हणून आतून जाळी लावली. त्यानंतर त्या उन्हाळ्यात दुपारची विहीर कधी गेली नाही.

याला आता दोन वर्षं होतील. मामंजी काठी घेऊन चालतात, शेतातही जातात, पण रोज नाही. सकाळी माझं काम सुरू व्हायच्या आधी ते खुर्ची ओढून बसतात, पाणी सोडतात, हळदीच्या कोणत्या पट्ट्यात किती वेळ ते मला सांगतात. माझ्याशी आता इतकं बोलतात की कधी कधी मला नकाशे सोडून ऐकत बसावं लागतं. चहात साखर जास्त झाली तर तोंडावर सांगतात. पॉलिशचे दिवस आले की स्वतःच आठवण करतात, "डबा उघड, याला पुन्हा हळद लागली असंल."

नाईक आठवड्यातून एकदा तरी त्या वाटेनं खाली येतात. मागच्या महिन्यात ते म्हणाले, आमच्या विहिरीवरबी असं काही करता येतं का? मी वर जाऊन बघते म्हटलं, तर मामंजीही निघाले. नवऱ्यानं ट्रॅक्टर काढला. मी छतावर चढून नाईकांच्या विहिरीकडं बघत होते, मधे एक लिंबाचं झाड येत होतं. खाली दोघांचं खांब कुठं रोवायचा यावरून जोरात चाललं होतं. मामंजी म्हणत होते बांधावर, नाईक म्हणत होते हौदाजवळ. मी वरून ओरडून सांगितलं, "दोन्हीकडून दिसत नाही, आधी झाड बघू द्या!" दोघांनी एकदम वर बघितलं आणि परत आपसात सुरू झाले.

मावशी जिन्यात आल्या, हात ओले, कपाळाला पीठ. "ह्यांचं चालू दे," त्या म्हणाल्या. "तू जेवाया चल. बाजरीच्या भाकरी केल्यात."